जादूगाराचा वर्ग, योद्ध्याची रेषा

सापशिडीत सगळ्यांच्या सोंगट्या एकाच नियमाने चालतात. बुद्धिबळात दोन्ही बाजूंकडे तीच सोळा मोहरी असतात. त्यामुळे हे खेळ न्याय्य आहेत की नाहीत, असा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. पण एखाद्या खेळात प्रत्येक खेळाडूला वेगळे नियम असतील तर? एकाला तलवार, दुसऱ्याला कुलपे उघडण्याचे कसब आणि तिसऱ्याला चक्क जादू! अशा खेळात प्रत्येकाला सारखे महत्त्व मिळेल याची खात्री कशी करायची? गेली पन्नास वर्षे खेळ रचणारी मंडळी या प्रश्नाशी झगडत आहेत. या झगड्यात संभाव्यता, सरासरी, घनफळ, वर्ग आणि निवडीची गणिते अशी शालेय गणितातली बरीच मंडळी हजेरी लावून जातात. म्हणूनच एका खेळातल्या काल्पनिक जादूगाराची ओळख आम्ही येथे करून देत आहोत.

खेळ चालतो कसा?

खेळाचे नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. अमेरिकेतील गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो १९७४ साली प्रसिद्ध केला. एका खोक्यात तीन छोट्या पुस्तिका, असे त्याचे पहिले रूप होते. पहिल्या आवृत्तीच्या प्रती होत्या अवघ्या एक हजार.

चार-सहा जण टेबलाभोवती बसतात. त्यातला एक सूत्रधार. तो प्रसंग सांगतो : “तुम्ही एका भुयारात आहात. समोर लोखंडी दार आहे. दाराआडून कुजबुज ऐकू येते आहे.” बाकीचे प्रत्येकी एका पात्राची भूमिका घेतात आणि आपले पात्र काय करेल ते सांगतात. जे निश्चित सांगता येत नाही (घाव लागला का? कुलूप उघडले का?) ते फासे टाकून ठरते. पटाची गरज नाही, आणि कोणी एक जिंकतो असेही नाही. सगळ्यांनी मिळून संकटातून पार पडायचे. थोडक्यात, हे उत्स्फूर्त नाटक आहे, फक्त त्याला हिशेबाची जोड आहे.

फासेही मजेशीर असतात. पूर्वीपासून या खेळात ४, ६, ८, १२ आणि २० पृष्ठांचे फासे वापरतात. ज्यांची सर्व पृष्ठे एकसारखे सुसम बहुभुज आहेत आणि ज्यांच्या प्रत्येक कोपऱ्यात सारखीच पृष्ठे एकत्र येतात, अशा बहिर्वक्र घनाकृती फक्त पाचच असू शकतात. त्या पाचही येथे एकत्र भेटतात! पुढे त्यांत दहामुखी फाशाची भर पडली, पण तो या पाचांच्या कुळातला नव्हे.

मूळ पुस्तिकांत पात्रांचे तीन पेशे होते : योद्धा, जादूगार आणि धर्मगुरू. चोर १९७५ साली आला. पात्र अनुभव मिळवते तशी त्याची ‘पातळी’ वाढते : पहिली, दुसरी, तिसरी अशी. पात्र किती मार सोसू शकते ते एका संख्येने दाखवतात. तिला आपण ‘प्राणांक’ म्हणू. प्राणांक शून्यावर आला की खेळ खलास. जादूगाराकडे मंत्रांची पोथी असते. मंत्रांनाही सोप्यापासून कठीणपर्यंत क्रमांक असतात. पात्राच्या पातळीशी गोंधळ नको म्हणून मंत्रांच्या बाबतीत आपण ‘श्रेणी’ हा शब्द वापरू.

या खेळाच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. पुढची आकडेवारी मुख्यतः १९८९ सालच्या दुसऱ्या आवृत्तीतली आहे, कारण तिच्यात आपल्या प्रश्नाचे गणित अगदी स्पष्ट दिसते.

तोफेचा झाला जादूगार

हा खेळ युद्धखेळांतून जन्मला. टेबलावर छोटे सैनिक मांडून लढाया खेळण्याचा छंद युरोप-अमेरिकेत जुना आहे. एकोणिसाव्या शतकात प्रशियाच्या लष्करात अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी असे खेळ वापरत. गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी १९७१ साली ‘चेनमेल’ हा मध्ययुगीन लढायांचा नियमसंच काढला. त्याच्या शेवटी एक कल्पित पुरवणी होती. तिच्यात जादूगार होता, आणि त्याच्याजवळ आगीचा गोळा व वीज ही दोन अस्त्रे होती. त्यांचे परिणाम कसे ठरवले होते? आगीचा गोळा म्हणजे दगडफेकी यंत्राचा मारा आणि वीज म्हणजे तोफेचा मारा!

जादूगाराच्या स्वभावाचे मूळ येथे सापडते. तोफ दुरून मारा करते, एका फटक्यात अनेकांना लोळवते, पण जवळ आलेल्या शत्रूपुढे ती लाचार असते. तिच्या रक्षणाला पायदळ लागते. सैन्यात यात काही अडचण नाही, कारण तोफ आणि पायदळ दोन्ही एकाच खेळाडूच्या हुकमतीत असतात. पण नव्या खेळात तोफ झाली एक खेळाडू आणि पायदळ झाले त्याचे मित्र. तोफेला शोभणारी विषमता मित्रांच्या टोळक्यात आली आणि न्यायाचा प्रश्न उभा राहिला.

जादूची दुसरी बाजू एका कथाकाराकडून आली. जॅक व्हान्स या अमेरिकन लेखकाच्या १९५० सालच्या ‘द डाइंग अर्थ’ या पुस्तकातले जादूगार मंत्र पाठ करतात, आणि मंत्र म्हटला की तो डोक्यातून पुसला जातो. पुन्हा हवा तर पुन्हा पोथी उघडायची. गायगॅक्सनी हीच पद्धत उचलली. (परीक्षेपुरते पाठांतर करणारे विद्यार्थी ज्यांना ठाऊक आहेत त्या शिक्षकांना ही पद्धत समजावून सांगण्याची गरज नाही!) त्यामुळे जादूगाराला रोज सकाळी आज कोणते मंत्र लागतील याचा अंदाज करून तेवढेच पाठ करावे लागतात. योद्ध्याची तलवार दिवसभर चालते, जादूगाराचे मंत्र मोजून मिळतात.

पहिल्या पातळीचे दुबळेपण

पहिल्या पातळीवर जादूगाराची स्थिती केविलवाणी असते. दिवसाला मंत्र एकच. प्राणांक ठरवायचा चारमुखी फाशाने, तर योद्ध्याचा दहामुखी फाशाने. शत्रूच्या लांब तलवारीचा घाव आठमुखी फाशाने मोजतात. आता प्रश्न असा : घाव लागलाच, तर पहिल्याच घावात जादूगार गारद होण्याची संभाव्यता किती?

जादूगाराचा प्राणांक १ असेल तर आठही दाने घातक, २ असेल तर सात, ३ असेल तर सहा, ४ असेल तर पाच. हे चारही प्राणांक सारखेच संभवनीय आहेत. म्हणजे एकूण ४ × ८ = ३२ जोड्यांपैकी घातक जोड्या ८ + ७ + ६ + ५ = २६. संभाव्यता २६/३२, म्हणजे सुमारे ८१ टक्के. योद्ध्यासाठी १० × ८ = ८० जोड्या आणि त्यांपैकी घातक ८ + ७ + ६ + ५ + ४ + ३ + २ + १ = ३६. संभाव्यता ४५ टक्के. (प्राणांक ९ किंवा १० असेल तर एका घावात तो पडूच शकत नाही.) शिवाय अंगात चिलखत असल्याने मुळात योद्ध्याला घाव लागतोच कमी.

आरंभी जादूगाराला सांभाळायचे काम मित्रांचे असते ते यामुळे. आज मी तुला जपतो, उद्या तू मला उपयोगी पड, असा हा अलिखित करार. हा ‘उद्या’ कधी आणि किती जोरात उगवतो, ते आता पाहू.

रेषा आणि वर्ग

आधी योद्धा. घाव लागला की नाही ते वीसमुखी फाशाने ठरते. योद्ध्याची पातळी एकाने वाढली की त्याला लागणारे दान एकाने कमी होते, म्हणजे यशाची संभाव्यता पाच टक्क्यांनी वाढते. समजा, समोर साखळ्यांचे चिलखत आणि ढाल बाळगणारा शत्रू आहे. पहिल्या पातळीच्या योद्ध्याचा घाव त्याला २५ टक्के वेळा लागेल, पाचव्या पातळीला ४५ टक्के, नवव्या पातळीला ६५ टक्के. आठमुखी फाशाची सरासरी साडेचार. तेव्हा प्रत्येक फेरीतला सरासरी मार पहिल्या पातळीला ०.२५ × ४.५ = १.१ आणि पाचव्या पातळीला २.० होतो. सातव्या पातळीपासून योद्ध्याला दोन फेऱ्यांत तीन वार मिळतात. ते धरून नवव्या पातळीला ०.६५ × ४.५ × १.५ = ४.४. म्हणजे पातळी नऊपट झाली तेव्हा मार सुमारे चौपट झाला. अंगची ताकद आणि जादूच्या तलवारी यांनी हे आकडे वाढतात हे खरे, पण वाढीची चाल साधारण सरळ रेषेचीच राहते.

आता जादूगार. त्याला रोज किती मंत्र पाठ करता येतात आणि त्या मंत्रांच्या श्रेणींची बेरीज किती होते, ते खाली दिले आहे.

पातळी १ : मंत्र १, श्रेणींची बेरीज १
पातळी ३ : मंत्र ३, श्रेणींची बेरीज ४
पातळी ५ : मंत्र ७, श्रेणींची बेरीज ११
पातळी ७ : मंत्र १०, श्रेणींची बेरीज २०
पातळी ९ : मंत्र १३, श्रेणींची बेरीज ३२
पातळी १२ : मंत्र २१, श्रेणींची बेरीज ६६

उदाहरणार्थ, नवव्या पातळीला पहिल्या श्रेणीचे ४, दुसऱ्या व तिसऱ्या श्रेणीचे प्रत्येकी ३, चौथ्या श्रेणीचे २ आणि पाचव्या श्रेणीचा १ असे मंत्र मिळतात. म्हणून बेरीज ४ + ६ + ९ + ८ + ५ = ३२.

आता या बेरजेला पातळीच्या वर्गाने भागून पाहा. तिसऱ्या पातळीला ४/९ = ०.४४, पाचवीला ११/२५ = ०.४४, सातवीला २०/४९ = ०.४१, नववीला ३२/८१ = ०.४०, बारावीला ६६/१४४ = ०.४६. अगदी पहिली पातळी सोडली तर गुणोत्तर जवळजवळ स्थिर आहे! म्हणजे जादूगाराची रोजची एकूण शक्ती पातळीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. कारणही सोपे आहे. पातळीबरोबर दोन गोष्टी एकाच वेळी वाढतात : मंत्रांची संख्या आणि सरासरी श्रेणी. दोन्ही साधारण सरळ रेषेत वाढतात, पण आपल्याला हवा असतो त्यांचा गुणाकार. चौरसाची बाजू दुप्पट केली की क्षेत्रफळ चौपट होते, तसेच हे.

“योद्धा रेषेत वाढतो, जादूगार वर्गात” अशा अर्थाचे एक वचनच या खेळाच्या शौकिनांत रूढ आहे. त्यांच्या भाषेत पेशाला ‘क्लास’ म्हणतात. आपल्याकडे ‘वर्ग’ हा एकच शब्द पेशाचा गट, गणितातला वर्ग आणि शाळेतला वर्ग या तिन्ही अर्थांनी चालतो, हा एक सुखद योगायोग.

रेषा आणि वर्ग यांची तुलना करताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सुरुवातीला रेषा वर असू शकते. आलेखात वक्र तिला कुठे छेदतो हे गुणकांवर अवलंबून असते, पण कधी ना कधी छेदतो हे निश्चित. वक्र खाली असताना तो दुर्बळ वाटतो, आणि म्हणूनच त्याची वाढ डोळ्यांत भरत नाही.

आगीच्या गोळ्याचे घनफळ

पाचव्या पातळीला जादूगाराला तिसऱ्या श्रेणीचा पहिला मंत्र मिळतो. त्या श्रेणीतला सर्वांत प्रसिद्ध मंत्र म्हणजे आगीचा गोळा. जादूगाराची जितकी पातळी तितके सहामुखी फासे टाकायचे (१९८९च्या नियमांत जास्तीत जास्त दहा). पाच फाशांची सरासरी १७.५. समोर साधे आठ शत्रू असतील, प्रत्येकाचा प्राणांक फार तर ८, तर पूर्ण मार बसलेला शत्रू वाचण्याची शक्यता नगण्य. पाच फाशांची बेरीज ७ किंवा कमी येण्याचे प्रकार ७७७६ पैकी फक्त २१ आहेत. शत्रूला बचावाचा फासा टाकून मार निम्मा करता येतो, पण निम्मा मारही बहुतेकांना पुरतो. योद्धा एका फेरीत एकाला पाडणार. येथे आठही जण एका दमात. पूर्वीची तोफ ती हीच.

या मंत्रात भूमितीचा एक सुंदर सापळा आहे. गोळ्याची त्रिज्या २० फूट. गोलाचे घनफळ ४/३ × π × २०³, म्हणजे सुमारे ३३,५०० घनफूट. नियम सांगतात की आग बंदिस्त जागेत असेल तर ती तेवढेच घनफळ भरून काढते. हिशेबासाठी १० फूट बाजूचे ३३ घन धरा. आता जादूगार १० फूट रुंद आणि १० फूट उंच भुयारात उभा आहे. ३३ घन एकापुढे एक मांडले तर ३३० फूट होतात : स्फोटाच्या जागेपासून दोन्ही बाजूंना १६५ फूट. शत्रू १०० फुटांवर असताना गोळा फेकणारा जादूगार स्वतःसह आपल्या मित्रांनाही भाजून काढेल! मोकळ्या मैदानात २० फुटांपुरती असलेली आग भुयारात आठपटींहून दूर पोचते. घनफळ कायम ठेवून आकार बदलला की काय होते, हे इतक्या ठसठशीतपणे सांगणारे उदाहरण पाठ्यपुस्तकात क्वचितच सापडेल. (नियमानुसार या आगीला दाब जवळजवळ नसतो. खऱ्या स्फोटात तापलेली हवा प्रसरण पावून मोठा दाब निर्माण झाला असता. पण जादूगाराला भौतिकीचे सगळेच नियम लावणे बरे नव्हे.)

एक कुलूप, अनेक किल्ल्या

शक्ती ही अर्धीच गोष्ट झाली. जादूगाराचे खरे वैशिष्ट्य आहे त्याचे अष्टपैलुत्व. त्याच्या पोथीत फक्त मारक मंत्र नसतात. अदृश्य होणे, उडणे, वेश पालटणे, दूरचे पाहणे, बंद दार उघडणे असे नाना मंत्र असतात. आणि येथे तो दुसऱ्यांच्या कामावर हात ठेवतो.

कुलपाचेच पाहू. समजा, एका चोराची कुलूप उघडण्याची संभाव्यता ४० टक्के आहे. एकदा हुकले की पातळी वाढेपर्यंत त्या कुलपाला पुन्हा हात लावता येत नाही. जादूगाराने ‘दार उघड’ हा दुसऱ्या श्रेणीचा मंत्र एकदा पाठ केला असेल तर एक कुलूप हमखास उघडते. दिवसात दोन कुलपे आली तर चोराचे सरासरी यश ०.८, जादूगाराचे १. तीन कुलपे आली तर चोराचे १.२, जादूगाराचे तरीही १. म्हणजे कुलपे पुष्कळ असली तर चोर सरस. पण सगळा खेळ एकाच दारावर अडला असेल तर? तेव्हा सरासरी काय कामाची, हमी हवी. ती चोराकडे नाही. चोराची भूमिका घेतलेला मित्र संध्याकाळभर ज्या एका क्षणाची वाट पाहत होता, तो क्षण जादूगार एका शब्दात घेऊन जातो. खेळातला अन्याय दिसतो तो असा. कोणाचे प्राण जात नाहीत, पण एकाला आपली गरज उरली नाही असे वाटू लागते.

अष्टपैलुत्व इतके प्रभावी का ठरते, याचे उत्तर नियंत्रणशास्त्रात मिळते. विल्यम रॉस अ‍ॅशबी या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९५६ सालच्या आपल्या ग्रंथात एक तत्त्व मांडले. त्याचा आशय असा : परिस्थिती जितक्या तऱ्हांनी बिघडू शकते, तितक्या तऱ्हेचे उपाय जवळ असल्याशिवाय तिच्यावर ताबा ठेवता येत नाही. संकटांच्या विविधतेला उपायांचीच विविधता पुरी पडते. ज्याच्याकडे फक्त तलवार आहे, त्याला तलवारीने न सुटणाऱ्या प्रश्नापुढे हात टेकावे लागतात, मग तलवार कितीही धारदार असो.

मात्र पोथीत उपाय असणे वेगळे आणि आज डोक्यात असणे वेगळे. समजा, पोथीत दहा मंत्र आहेत आणि प्रत्येक मंत्र एकेका प्रकारच्या अडचणीवर चालतो. त्यांतले तीन वेगवेगळे मंत्र पाठ करायचे आहेत. ही निवड १२० प्रकारे करता येते. दहांपैकी कोणतीही एक अडचण सारख्याच शक्यतेने येणार असेल, तर योग्य मंत्र जवळ असण्याची संभाव्यता फक्त ३० टक्के. पण आदल्या रात्री टेहळणी करून पाच शक्यता बाद करता आल्या तर ती ६० टक्के होते. सात बाद केल्या तर १०० टक्के! मंत्र तेवढेच, पोथी तीच, पण माहिती मिळाली आणि ताकद तिपटीहून अधिक झाली. म्हणून मुरलेला जादूगार सर्वांत आधी माहिती देणारे मंत्र शिकतो, आणि टेहळणी करणाऱ्या चोराचा मान राखतो.

लगाम कसे घातले?

वाढीला आवर घालण्यासाठी खेळ रचणाऱ्यांनी वेगवेगळे लगाम वापरले. त्यांची कथा बोधप्रद आहे.

पहिला लगाम पाठांतराच्या वेळेचा. १९८९च्या नियमांत मंत्राच्या प्रत्येक श्रेणीमागे दहा मिनिटे लागतात. वर आपण काढलेली बेरीज येथे जशीच्या तशी उपयोगी पडते. नवव्या पातळीला ३२० मिनिटे, म्हणजे पाच तास वीस मिनिटे. बाराव्या पातळीला ६६० मिनिटे, म्हणजे तब्बल अकरा तास! शक्ती वर्गाच्या प्रमाणात वाढते, पण तिची किंमतही वर्गाच्याच प्रमाणात मोजावी लागते. याशिवाय मंत्र म्हणताना घाव लागला तर मंत्र वाया जात असे. २००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत सगळ्या मंत्रांच्या तयारीला मिळून एक तास पुरे, असा सुटसुटीत नियम झाला, आणि घाव लागल्यावरही फासा टाकून मंत्र वाचवण्याची सोय झाली. नियम सोपे झाले, पण लगाम सुटला.

दुसरा लगाम अनुभवाचा. १९८९ साली दुसऱ्या पातळीसाठी योद्ध्याला २,००० अनुभवगुण लागत, जादूगाराला २,५००. पण पुढचे आकडे पाहा : सातव्या पातळीसाठी योद्ध्याला ६४,००० आणि जादूगाराला ६०,०००. अडीच लाख गुणांना योद्धा नवव्या पातळीला पोचतो, जादूगार दहाव्या! ज्या टप्प्यावर आवर हवा, नेमका त्याच टप्प्यावर हा लगाम सैल पडतो. तिसऱ्या आवृत्तीने सर्वांना एकच तक्ता लावला.

तिसरा लगाम दिवसाचा. समजा, एका दिवसात लढाया ‘क’ इतक्या होतात. योद्ध्याचे एकूण योगदान ‘क’च्या प्रमाणात वाढते, जादूगाराचे ठरीव असते. म्हणजे प्रत्येक लढाईतला त्याचा वाटा १/क च्या प्रमाणात कमी होतो. लढाया पाच-सहा असतील तर समतोल राहतो. पण मंडळी प्रत्येक लढाईनंतर झोपायला लागली, तर क = १ होतो आणि मर्यादेला अर्थच उरत नाही. म्हणून कुशल सूत्रधार प्रसंगांची अशी रचना करतो की निवांत झोपायला सवड मिळू नये.

२००८ सालच्या चौथ्या आवृत्तीने मूळच उपटले. सर्व पेशांना एकाच साच्यातल्या क्षमता दिल्या : काही केव्हाही वापरण्याच्या, काही लढाईत एकदा, काही दिवसात एकदा. समतोल साधला, पण सगळे पेशे एकसारखे वाटतात अशी अनेक खेळाडूंची तक्रार झाली. समानता आणि एकसारखेपणा यांतला फरक येथे दिसून येतो.

२०१४ सालच्या पाचव्या आवृत्तीने मधला मार्ग काढला. विसाव्या पातळीच्या जादूगाराचे रोजचे मंत्र मोजा. तिसऱ्या आवृत्तीत नऊ श्रेणींचे प्रत्येकी चार, म्हणजे ३६, श्रेणींची बेरीज १८०. पाचव्या आवृत्तीत एकूण २२, बेरीज ८९. जवळपास निम्मी! शिवाय बरेचसे टिकाऊ मंत्र ‘एकाग्रता’ मागतात, आणि एका वेळी एकाच मंत्रावर एकाग्र होता येते. हा नियम दिसतो साधा, पण त्याचे गणित पाहा. असे दहा मंत्र एका वेळी एक, दोन किंवा तीन चालवता आले असते, तर १० + ४५ + १२० = १७५ प्रकार झाले असते. एकाग्रतेमुळे उरतात दहा. अष्टपैलुत्वाचा स्फोट मंत्रांच्या संख्येतून होत नाही, त्यांच्या जोड्यांतून होतो, हे रचनाकारांनी नेमके ओळखले.

इतर खेळांनी आणखी वाटा काढल्या. १९८१ सालच्या ‘कॉल ऑफ क्थुलू’मध्ये जादूची किंमत मनाच्या संतुलनाने मोजावी लागते. १९८९ सालच्या ‘शॅडोरन’मध्ये मंत्र म्हणणाऱ्याला थकवा येतो. १९८७ सालचा ‘आर्स मॅजिका’ सर्वांत निराळा. त्यात पाच क्रियापदे (निर्माण करणे, जाणणे, बदलणे, नष्ट करणे, ताबा मिळवणे) आणि दहा नामे (अग्नी, जल, मन, शरीर इत्यादी) आहेत. पंधरा गोष्टी शिकल्या की ५ × १० = ५० प्रकारची जादू हाती येते. आणि समतोलाचे काय? तो साधण्याचा खटाटोप हा खेळ करतच नाही. जादूगार वरचढच राहणार, हे मान्य करून प्रत्येक खेळाडूला तो एक जादूगार आणि एक साधा सोबती देतो. कोणत्या दिवशी कोणी जादूगार व्हायचे ते आळीपाळीने ठरवायचे. शक्ती विषम, पण संधी समान.

वर्गात करून पाहा

आता तिसऱ्या अर्थाच्या वर्गाकडे, म्हणजे शाळेतल्या वर्गाकडे वळू. गटकार्यात असा एखादा जादूगार नेहमीच असतो. वाचन त्याचे, आकृती त्याची, सादरीकरणही त्याचेच. त्याला गप्प बसवणे हा चौथ्या आवृत्तीचा उपाय झाला. त्याऐवजी कामाचीच रचना अशी करता येईल का, की एकट्याला सगळे पुरे पडू नये आणि प्रत्येकाची गरज लागावी? वरचे लगाम या दृष्टीने पुन्हा वाचून पाहावेत.

विद्यार्थ्यांना देण्यासाठी काही उपक्रम :

१. जादूगाराच्या पाच पातळ्यांच्या (३, ५, ७, ९, १२) श्रेणींच्या बेरजा आलेखकागदावर मांडा. मग आडव्या अक्षावर पातळीऐवजी पातळीचा वर्ग घ्या. बिंदू आता कसे दिसतात?

२. जादूगाराचा प्राणांक सहामुखी फाशाने ठरवला (पाचव्या आवृत्तीत जादूगाराला हाच फासा आहे) आणि घाव आठमुखीच ठेवला, तर पहिल्या घावात पडण्याची संभाव्यता किती? आठमुखी फासा नसेल तर १ ते ८ आकड्यांच्या चिठ्ठ्या चालतील. आधी हिशेब करा, मग शंभर वेळा प्रयोग करून ताडून पाहा.

३. आपल्या वर्गखोलीचे घनफळ काढा. ३३,५०० घनफुटांचा गोळा तिच्यात मावेल का? न मावल्यास उरलेली आग दाराबाहेरच्या ८ फूट रुंद, १० फूट उंच व्हरांड्यात किती लांब जाईल? (व्हरांडा बंदिस्त समजा.)

४. गटागटाने जादूगारासाठी एक नवा लगाम सुचवा. तो आकड्यांत मांडा आणि पहिल्या, पाचव्या व दहाव्या पातळीला त्याचा काय परिणाम होतो ते काढून दाखवा. अट एकच : जादूगार होण्यातली मजा जाता कामा नये, आणि चोर झालेल्या मित्राला संध्याकाळी निदान एक दार तरी स्वतःच्या हाताने उघडता आले पाहिजे.